जात्यावरचं इंग्रजी

चिंचवड,
ता. १० जून १९५६

ती. यशवंतमामांच्या सेवेशी,
इंद्रायणीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

उन्हाळाभर तुमचं पत्र नाही. म्हणजे एक तर तुम्ही माझ्यावर रागावला आहात, नाहीतर साताऱ्यातली टपालपेटी तुमच्या घरापासून लांब सरकली आहे. इकडे आम्ही दोघंही खुशाल आहोत. ह्यांची औषधाच्या कारखान्यातली नोकरी कायम झाली. शिफ्ट बदलली की घरातल्या जेवणाच्या वेळा बदलतात, आणि सासूबाई कोल्हापुराहून लिहितात की तुमच्या घरात सकाळ नक्की केव्हा होते ते कळवा.

आता मुख्य गोष्ट. आमच्या शाळेत आजवर मॅट्रिकला सगळी मुलं लोअर इंग्रजीचाच पेपर देत. यंदा अकरावीला हायर इंग्रजीचा वर्ग काढायला हेडमास्तर तयार झाले आहेत आणि तो माझ्याकडे दिला आहे. कविता, गद्यवेचे, एक छोटं नाटक आणि वर निबंध. पुण्याच्या मुलांना ह्यात काही विशेष वाटणार नाही, पण आमच्या मुलांनी इंग्रजी अक्षर पाहिलं तेच आठवीत. हेडमास्तरांनी एकच वर्ष दिलं आहे. हायरमध्ये नापास झालं की अख्खी मॅट्रिकच गेली, म्हणून मला धास्ती वाटते.

वर्गात सात जण आहेत, त्यांत एकच मुलगी, शालन. तिचे वडील कोंडाजी पवनेच्या काठचे शेतकरी. जमीन कारखान्यात गेली आणि आता ते तिथेच बागेला पाणी घालतात. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं आहे की पोरगी मॅट्रिक पास झाली तर पुण्याला नर्सिंगला धाडीन, नापास झाली तर महाळुंग्याचं स्थळ आहे, मार्गशीर्षात लग्न. माणूस सरळ आहे, बोलतो तसं करील. शालनला नर्सच व्हायचं आहे.

मामा, तुम्ही जन्मभर हेच शिकवलंत. मला वर्षाची आखणी करून द्या. जूनमध्ये काय, दिवाळीपर्यंत काय, सगळं. उत्तराला उशीर केलात तर मी सुट्टी काढून साताऱ्याला येईन आणि तुमच्या खोलीतली रद्दी विकीन.

आपली आज्ञाधारक,
इंद्रायणी

*

सातारा,
ता. १७ जून १९५६

चि. सौ. इंद्रायणी हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. रद्दीची धमकीही पोचली. ती रद्दी नसून माझी पेन्शनीतली सोबत आहे, हे ध्यानात ठेव.

आखणी सोबत पाठवीत आहे. तिचे सार असे की पहिले दोन महिने फक्त कविता. मोठ्या धड्याला हात लावायचा नाही. श्रावणापासून गद्य, रोज एकच परिच्छेद, पण तो हाडामांसासकट. दिवाळीनंतर नाटक घ्यावे, तेही मुलांना उभे करून वाचून घ्यावे. बसून वाचलेले नाटक म्हणजे निवलेला चहा. संक्रांतीनंतर नवे काही नाही, केवळ निबंध आणि उजळणी. शिक्षक फेब्रुवारीत घाबरतो आणि नवे शिकवू लागतो. तू तसे करू नकोस.

आणखी एक. कवितेची सुरुवात अर्थाने करायची नाही, ठेक्याने करायची. इंग्रजी ओळीत आघात ठरल्या जागी पडतो. हातात लाकडी पट्टी घे, आघात येईल तिथे टेबलावर मार, आणि मुलांकडून म्हणवून घे. तीस वर्षे मी हेच केले. माझ्या टेबलाला खळगा पडला होता.

देशमुखांच्या मुलाबरोबर कंदी पेढे पाठविले आहेत. तुझ्या नवऱ्यापासून सांभाळ. शालन नावाच्या मुलीकडे विशेष लक्ष दे, पण तिला ते दिसू देऊ नकोस.

तुझा,
यशवंतमामा

*

चिंचवड,
ता. २९ जुलै १९५६

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमची आखणी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. पेढे पोचले, आणि ह्यांनी निम्मे कारखान्यात वाटून तुमची कीर्ती पिंपरीपर्यंत नेली.

पण तुमच्या पट्टीचं काय झालं ते ऐका. पहिल्या आघाताला मी टेबलावर पट्टी मारली, तर पहिल्या बाकावरच्या ज्योतीरामनं मुकाट्यानं उभं राहून हात पुढे केला. दुसऱ्या आघाताला त्याच्या शेजाऱ्यानं. बाई आज ओळीनं सगळ्यांना देणार, अशी त्यांची समजूत. काय चुकलं हेसुद्धा कुणी विचारलं नाही. मला हसू आवरेना आणि नंतर वाईटही वाटलं. पट्टी मी कपाटात ठेवून दिली.

पुस्तकात बर्फ पडण्यावर एक कविता आहे, तिच्यातही तसाच घोटाळा. बर्फ दाखवायला मी बाजारातून सरबताचा बर्फगोळा आणला, तर चौघांनी अर्थ लिहिला की विलायतेत थंडीत आभाळातून सरबत पडतं. पाठ तर कुणाचंच होईना.

मागल्या आठवड्यात शालन शाळेत आली नाही. महाळुंग्याची माणसं तिला बघून गेली असं कळलं, म्हणून रविवारी सकाळी लवकरच मी कोंडाजींच्या घरी गेले. दारातच थबकले. आत शालन आणि तिची आई सोजराबाई दळत होत्या, आणि शालन ओवी म्हणत होती. चाल ओवीची, जात्याची घरघर ओवीची, पण शब्द? शब्द आपल्या बर्फाच्या कवितेचे! अख्खी कविता, एक शब्द न चुकता. सोजराबाईंना इंग्रजीचं अक्षर ठाऊक नाही, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या सूर धरीत होत्या.

मी काय करावं ते सांगा. मला तर रडूच आलं. कोंडाजी म्हणाले की पाहुण्यांना निकालापर्यंत थांबायला सांगितलंय, शब्द मोडायचा न्हाई. तेवढा वेळ आपल्या हातात आहे.

आपली,
इंद्रायणी

*

सातारा,
ता. ६ ऑगस्ट १९५६

चि. सौ. इंद्रायणीस आशीर्वाद.

काय करावे म्हणून विचारतेस? ताबडतोब बंद कर.

मला ओवीचे वावडे नाही. तुझी आजी म्हणत असे आणि मी तिच्या मांडीवर झोपत असे. पण त्या कवितेत आघात कुठे आहे आणि ओवीत ओढून ताणून सूर कुठे लांबवतात, ह्याचा काही विचार केलास का? हा प्रकार म्हणजे साहेबाला धोतर नेसवून वर टोपी तशीच ठेवण्यासारखा आहे. आज एक मुलगी गाते, उद्या वर्ग गाईल, परवा इन्स्पेक्टर येईल आणि तुझ्यासकट सगळ्यांना घरी बसवील.

मुलगी हुशार दिसते. तिला नीट वाचायला शिकव. रागावून लिहिले असे वाटेल. तसेच लिहिले आहे.

तुझा,
यशवंतमामा

*

चिंचवड,
ता. १८ नोव्हेंबर १९५६

ती. मामांस सा. न. वि. वि.

तीन महिने मी पत्र लिहिलं नाही, कारण तुमचं ऐकलं नाही आणि खोटं लिहवत नव्हतं.

मी बंद केलं नाही. उलट शालनला वर्गासमोर उभं केलं. पहिल्या दिवशी मुलं हसली. दुसऱ्या दिवशी ज्योतीरामनं, जो भजनी मंडळात टाळ धरतो, मागून ओळ उचलली. आता अशी गत आहे की एकानं ओळ सोडली की पुढची ओळ दुसऱ्याच्या तोंडून आपोआप निघते. चाल अर्धी टाकून गप्प बसणं ह्या मुलांना जमतच नाही. सगळ्या कविता सगळ्यांना पाठ आहेत. आधी गातात, मग तुमच्या आघातांनी वाचतात. खरंच वाचतात, मामा. पट्टीऐवजी मी टिचकी वाजवते. गद्य तुमच्या आखणीप्रमाणेच रोज एक परिच्छेद झालं आणि नाटक परवा उभं राहिलं.

आता अडचण. ह्या महिन्यात परीक्षेचे फॉर्म भरायचे. हायर की लोअर, ते तेव्हाच लिहून द्यावं लागतं. हेडमास्तर म्हणतात की मुलांचं ठीक आहे, पण त्या मुलीला लोअरला बसवा; तिचं लग्न तिच्या पेपरावर टांगलेलं आहे, तुम्ही कशाला जोखीम घेता? काल कोंडाजीही आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, आणि एवढंच विचारलं की बाई, पोरगी पडायची तर न्हाई ना? मी त्यांना चार दिवस थांबा म्हटलं. शालनला विचारलं तर म्हणते हायरच, आणि मान खाली घालते.

तिचा चाचणीचा पेपर पाठवते आहे. माझी तिच्यावर माया आहे म्हणून माझा स्वतःवर भरवसा नाही. तुम्ही तपासा. तुम्ही लोअर म्हणालात तर मी लोअर लिहीन.

आपली,
इंद्रायणी

*

सातारा,
ता. २६ नोव्हेंबर १९५६

चि. सौ. इंद्रायणीस आशीर्वाद.

पेपर तपासून परत पाठवीत आहे. तांबडी शाई बरीच लागली आहे, तिला दाखव. गुण देताना माझा हात पूर्वीसारखाच आखडता आहे. स्पेलिंगच्या चुकांना मी गुण कापले आहेत. निबंधात तिने प्रत्येक वाक्य एकाच शब्दाने सुरू केले आहे. सांग की वाचणाऱ्याला कंटाळा येतो.

तरीही पास आहे, आणि काठावर नव्हे. बर्फ पडताना आवाज का येत नाही, ह्या प्रश्नाला तिने लिहिले आहे की जात्याभोवती पीठ पडते तसा तो पडत असेल, पाहता पाहता ढीग होतो आणि पडलेले ऐकू येत नाही. मी हे वाक्य दोनदा वाचले. बर्फ मीही पाहिलेला नाही. आता थोडासा पाहिला असे वाटते.

हायर लिही. कोंडाजीस माझ्या नावाने सांग की पडणार नाही. जबाबदारी माझी.

गाण्याबद्दल माझे मत बदललेले नाही.

भाऊबीजेला यंदाही खानावळीतच जेवलो. तुझी आई, माझी एकुलती बहीण, गेल्यापासून त्या दिवशी मी गावात हिंडत नाही. घरोघरी पाट मांडलेले दिसतात आणि उगाच जीव कालवतो. हे तुला कधी लिहिले नव्हते. आज लिहिले गेले.

तुझा,
यशवंतमामा

*

सातारा,
ता. २० जानेवारी १९५७

चि. सौ. इंद्रायणीस आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. संक्रांतीला तुम्ही दोघांनी फार आग्रह केलात आणि मी फार तिळगूळ खाल्ला. दाढ दुखते आहे.

तुझा वर्ग पाहिला. मुले बरी वाचतात. ह्याहून अधिक स्तुती माझ्याकडून आजवर कुणी मिळविलेली नाही.

मात्र कोंडाजींच्या घरी मला नेऊन जात्यापुढे बसविलेस, ते बरे केले नाहीस. ज्या बाईस इंग्रजी येत नाही तिने मला इंग्रजी कवितेत चुकविले! मी माझ्या आघाताने ओळ म्हटली, तर सोजराबाई दळता दळता म्हणाल्या की मास्तर, तुमी लई घाई करता, जातं कसं फिरतंय ते बघा की. आणि मला पुन्हा म्हणायला लावले. तीनदा. तिसऱ्यांदा त्यांना पटले असावे, कारण त्यांनी पुढची ओळ धरली.

ती चाल माझ्याबरोबर साताऱ्यास आली आहे. सकाळी अंघोळ करताना ती तोंडात येते आणि शेजारचे वकील भिंतीवर टकटक करतात. ह्याची जबाबदारी तुझ्यावर आहे. आता उजळणी, आणि नवे काही नाही.

तुझा,
यशवंतमामा

*

चिंचवड,
ता. २२ एप्रिल १९५७

ती. मामांस सा. न. वि. वि.

हे पत्र उन्हात ठेवून मग वाचा, कारण मला कांजिण्या आल्या आहेत. कडुलिंबाच्या पाल्यावर पडून लिहिते आहे. पण खरं दुखणं दुसरंच आहे.

परीक्षेच्या कचेरीतून शाळेला पत्र आलं. इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न होता, पाठ असलेल्या कवितेच्या आठ ओळी लिहा. शालन लिहिताना घशातल्या घशात गुणगुणली, आणि तिच्या मागेच नंबर आलेल्या ज्योतीरामनं, नेहमीसारखी, पुढची ओळ धरली. दोघांना भान नव्हतं. पर्यवेक्षकांना वाटलं ही कॉपीची खूण आहे. त्यांनी कळवलं, त्यात त्यांची तरी काय चूक? दोघांचे पेपर काढून पाहिले तर आठही ओळी तंतोतंत सारख्या. आता दोघांचा निकाल राखून ठेवणार आहेत. दोन मेला वर्गशिक्षकानं समक्ष येऊन खुलासा करायचा.

मला घराबाहेर पडायची बंदी आहे. हेडमास्तर सुट्टीला कोकणात गेले. कोंडाजी काल अंगणातूनच विचारून गेले. ते रागावले नाहीत, तेच मला सोसत नाही. महाळुंग्याचे पाहुणे पुन्हा येऊन बसले आहेत.  सोजराबाई सांगतात की शालननं दळताना गाणंच सोडलं.

मामा, तुम्ही बंद कर म्हणाला होतात आणि मी केलं नाही. हे सगळं माझ्यामुळे झालं. माझ्याऐवजी तुम्ही पुण्याला जाल का? मला दुसरं कुणी नाही.

आपली,
इंद्रायणी

*

पुणे,
ता. ३ मे १९५७

चि. सौ. इंद्रायणीस अनेक आशीर्वाद.

आधी खाजवणे बंद कर, मग वाच.

काल कचेरीत गेलो. अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी बसावयास खुर्ची दिली आणि अहवाल वाचून दाखविला. मी म्हणालो की पाठ केलेल्या ओळी सर्वांच्या सारख्याच येणार, त्यात नवल ते काय. ते म्हणाले मान्य, पण आवाज कसला? मी ओवीचे सांगितले. ते हसले, मर्यादेने. इंग्रजी कविता जात्याच्या चालीवर बसते, हे तुमच्यासारख्या जुन्या इंग्रजीच्या शिक्षकाला पटते का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो की मला ते मुळीच पटत नाही, पण ते खरे आहे.

त्यांनी अहवाल मिटला. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि कळले की हा माणूस मला म्हातारा व भला समजतो आहे आणि माझ्या शब्दावर काडीचा विश्वास ठेवीत नाही. त्या क्षणी मला कोंडाजीस पाठविलेला माझा निरोप आठवला, जबाबदारी माझी. मग मी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि गायलो.

होय, मी. कचेरीत. भर दुपारी. ओळीच्या शेवटी जिथे सूर लांबवायचा तिथे तो सोजराबाईंच्या सांगण्याप्रमाणे लांबविला. शेजारच्या खोलीतले कारकून दारात जमले. एकजण तोंड दाबून हसत होता. मला लाज वाटत होती; पण थांबलो नाही.

एवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. दत्तोबा नावाचा, मुळशीकडचा माणूस. त्याला इंग्रजीचा गंध नाही. तो कप ठेवायला वाकला आणि माझी ओळ संपताच त्याने तोंड मिटूनच पुढचा सूर धरला. पुरा धरला, शेवटपर्यंत, आणि मग दचकून सगळ्यांकडे पाहू लागला.

 मी अधिकाऱ्यांना विचारले की ह्या गृहस्थास मी कोणती खूण केली, ते कृपा करून अहवालात लिहावे.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग दत्तोबाला विचारले की तू का गायलास? तो म्हणाला की साहेब, माझी आई म्हनायची, आपसूक आलं. अधिकाऱ्यांनी कागदावर शेरा लिहिला आणि मला वाचायला दिला. दोघांचा निकाल इतरांबरोबर लागेल. पास-नापास मात्र पेपरावर. ते योग्यच आहे.

कोंडाजीस आजच निरोप पाठव. आणि तुझ्यामुळे झाले वगैरे पुन्हा लिहू नकोस. तू माझे ऐकले नाहीस हे फार चांगले केलेस. हे वाक्य जपून ठेव, दुसरे मिळणार नाही.

तुझा,
यशवंतमामा

*

चिंचवड,
ता. १६ जून १९५७

ती. मामांस सा. न. वि. वि.

तार मिळालीच असेल. ज्योतीराम पास, शालन पास, आणि इंग्रजीत वर्गात पहिली! बाकीचेही पास, फक्त एकाचं गणित राहिलं, तो ऑक्टोबरला बसेल. पुढल्या वर्षीही हायरचा वर्ग माझ्याकडेच. हेडमास्तर आता सगळ्यांना सांगतात की कल्पना मूळ त्यांची.

कोंडाजींनी महाळुंग्याला नारळ पाठवून नम्रपणे नकार कळवला. शालन जुलैत पुण्याला जाईल. तिनं तुम्हाला पत्र लिहिलं आहे. मी एक अक्षरही दुरुस्त केलेलं नाही. सोबत जोडते आणि माझं इथेच थांबवते, कारण तिच्यापुढे माझं कुणी वाचणार नाही.

आपली,
इंद्रायणी

*

ती. यशवंतराव मास्तर यांस,
शालनचा नमस्कार.

मी कधी कोणाला पत्र लिहिले नाही, तरी चूक असल्यास तांबड्या शाईने सुधारावी.

मी पास झाले. बाईंनी तुमचे कचेरीतल्या हकिगतीचे पत्र आमच्या घरी येऊन वाचून दाखवले. दादा, म्हणजे माझे वडील, ऐकता ऐकता उठून गोठ्यात गेले आणि बऱ्याच वेळाने आले.  दुसऱ्या दिवशी दळताना आईने बर्फाची कविता सगळी म्हटली, तिला ती आता माझ्यापेक्षा नीट येते, आणि तिच्या शेवटी आपली एक ओवी जोडली. ती लिहिते.

पुण्याच्या कचेरीत, साहेबांची झाली दाटी
बंधू माझ्या यशवंतानं, गाणं म्हटलं भाचीसाठी

मी आईला म्हणाले की मास्तरांचे असे नुसते नाव घेऊ नये. ती म्हणाली की ओवीत नाव भावाचंच घालत्यात, मास्तराचं न्हाई. तिला पाठचा भाऊ नाही. तिने विचारायला सांगितले आहे की भाऊबीजेला तुम्ही खानावळीत का जेवता. बाईंनी तिला सांगितले होते, त्यांच्यावर रागावू नये. यंदा पाट आमच्याकडे मांडलेला असेल. साताऱ्याची गाडी पुण्यात येईल तिथे दादा घ्यायला उभे राहतील.

आईची माया आहे तशीच राहील, ओवाळणीसाठी येताना काही आणू नये.

तुमची भाची,
शालन